अनाहूत मासळीचा हिशेब

समुद्रात सोडलेले जाळे निवड करीत नाही. निवड करतो तो माणूस, आणि तीही जाळे बोटीवर ओढून घेतल्यानंतर. म्हणजे जाळ्यातील बहुतेक जीव मेल्यानंतर. कोळंबीसाठी निघालेल्या ट्रॉलरच्या फळ्यांवर जो ढीग ओतला जातो, त्यात कोळंबी असते, पण तिच्याबरोबर ढोमे, मांदेली, खेकडे, म्हाकूल, अजून न वाढलेली पापलेटे आणि कधी एखादे कासवही असते. उष्ण कटिबंधातील समुद्रात एक किलो कोळंबीमागे चार-पाच किलो इतर जीव जाळ्यात येणे ही नित्याची गोष्ट आहे. जिच्यासाठी बोट निघाली नव्हती, पण जी जाळ्यात आली, त्या मासळीला ‘अनाहूत मासळी’ म्हणता येईल. ती बोलावल्यावाचून येते आणि तिच्या येण्याची किंमत कोणाच्याच वहीत लिहिली जात नाही.

ही किंमत लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील मच्छीमार बोटी दरवर्षी सुमारे २ कोटी ७० लाख टन मासळी मेलेल्या वा मरणोन्मुख अवस्थेत समुद्रात परत फेकीत होत्या. त्याच संघटनेच्या २०१९ सालच्या पाहणीत हा आकडा सुमारे ९१ लाख टनांवर आला. तरीही तो जगाच्या एकूण सागरी पकडीच्या दहा टक्क्यांहून अधिक भरतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा वाटा समुद्रतळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांचा आहे. दोन आकड्यांमधील घट पाहून समाधान मानण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. मोजणीच्या पद्धती मधल्या काळात बदलल्या, ही एक. दुसरी अधिक महत्त्वाची: पूर्वी जे फेकले जात होते, त्यातील पुष्कळसे आता विकले जाते. फेकणे थांबले म्हणून मारणे थांबले असे होत नाही.

जाळ्याचे आस आणि जाळीचे दार

ट्रॉलचे जाळे एखाद्या लांबट थैलीसारखे असते. रुंद तोंडातून आत गेलेली मासळी मागे सरकत शेपटीकडच्या पिशवीत, म्हणजे कोळी ज्याला ‘खोला’ म्हणतात त्यात, जमा होते. प्रचलित जाळ्यांचे आस शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. जाळे रिकामे असेतोवर ते उघडे दिसतात. परंतु खोल्यात वजन साचले आणि बोटीची ओढ वाढली की हे आस मिटत जातात. कायद्याने आसाचे माप ठरविले आणि जाळे किनाऱ्यावर मोजून त्या मापाचे निघाले, तरी पाण्याखाली ते जाळे जवळजवळ कापडच झालेले असते. पिलांना निसटण्यासाठी ठेवलेली वाट नेमकी हवी तेव्हाच बंद होते.

यावरचा उपाय साधा आहे. खोल्याचे आस शंकरपाळ्याऐवजी चौकोनी बसवायचे. चौकोनी आस ओढीखालीही उघडे राहतात, लहान मासे बाहेर पडतात, आणि पाणी सहज वाहून जात असल्याने जाळे ओढायला हलके पडून थोडे डिझेलही वाचते. २०१० नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर जो प्रकल्प राबविला गेला, त्यात ४० मिलिमीटर चौकोनी आसाचा वापर ट्रॉलरधारकांपर्यंत नेण्यात आला होता.

कासवाचा प्रश्न निराळा आहे. कासवाला श्वास घेण्यासाठी पाण्यावर यावे लागते. ट्रॉलचे जाळे मात्र तास-दोन तास, कधी त्याहूनही अधिक काळ, पाण्याखाली ओढले जाते. आत अडकलेले कासव गुदमरून मरते. त्यासाठी खोल्याच्या अलीकडे धातूच्या गजांची एक तिरपी जाळी बसवितात. गजांमधून कोळंबी मागे निघून जाते. कासव गजांवर आपटते, उतारावरून सरकते आणि वरच्या वा खालच्या झडपेतून बाहेर पडते. ‘टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस’ किंवा टी.ई.डी. या नावाने ओळखले जाणारे हे साधन कासवांना ९७ टक्के प्रसंगी बाहेर काढू शकले पाहिजे, अशी अमेरिकेतील मान्यतेची कसोटी आहे.

शोध कोणी लावला?

ही साधने मच्छीमारांवर शास्त्रज्ञांनी लादली, अशी एक समजूत आहे. इतिहास याच्या उलट सांगतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सिंकी बून हा कोळंबी पकडणारा मच्छीमार. जेलीफिशने जाळे भरून जाते आणि कोळंबी हाती लागत नाही, या त्रासावर त्याने गजांची एक चौकट तयार केली. तिच्यातून कासवेही बाहेर पडतात हे नंतर लक्षात आले. सरकारी तज्ज्ञांनी बनविलेले आरंभीचे साधन अवजड आणि गैरसोयीचे होते. बोटीवर टिकले ते मच्छीमाराच्या चौकटीच्या धर्तीवरचे. नॉर्वेतही तेच घडले. तेथील कोळंबीच्या जाळ्यांतून कॉड आणि हॅडॉक यांची पिले वगळणारी जी ‘नूरमोरे’ जाळी आज प्रसिद्ध आहे, तिचा उगमही जेलीफिश टाळण्याच्या एका मच्छीमाराच्या खटपटीत आहे. १९९० नंतर नॉर्वेने ती सक्तीची केली.

तिसरे उदाहरण पूर्व पॅसिफिक महासागरातील आहे. तेथे पिवळ्या पराची ट्यूना मासळी डॉल्फिनच्या कळपाखालून पोहते. बोटी डॉल्फिनच्या कळपालाच जाळ्याचा वेढा घालीत आणि ट्यूनाबरोबर डॉल्फिनही मरत. १९६०च्या दशकात असे वर्षाला लाखो डॉल्फिन मेले. यावरचे दोन महत्त्वाचे उपाय तांडेलांनीच शोधले. एक म्हणजे वेढा पूर्ण झाल्यावर बोट मागे घेऊन जाळ्याची कड पाण्याखाली दाबायची, जेणेकरून डॉल्फिन वरून निसटावेत. दुसरा म्हणजे त्या कडेला बारीक आसाची पट्टी लावायची, जेणेकरून त्यांचे तोंड आसात अडकू नये. हॅरोल्ड मेडिना या तांडेलाच्या नावाने ती पट्टी आजही ओळखली जाते.

तंत्र मिळाले म्हणून डॉल्फिन लगेच वाचले असे मात्र झाले नाही. १९७२ साली अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पुढे १९९२ सालच्या ला होया करारान्वये प्रत्येक मोठ्या बोटीवर निरीक्षक आला आणि प्रत्येक बोटीला वर्षाकाठी डॉल्फिनच्या मृत्यूची एक मर्यादा ठरवून देण्यात आली. ती ओलांडली की त्या बोटीने त्या वर्षाच्या उरलेल्या काळात डॉल्फिनभोवती जाळे टाकायचे नाही. याचा परिणाम विलक्षण झाला. जो मृत्यू काल साऱ्या समुद्राच्या खात्यावर पडत होता, तो आज त्या बोटीच्या स्वतःच्या खात्यावर पडू लागला. तांडेल दक्ष झाले, कौशल्य वाढले आणि लाखोंचा आकडा वर्षाला हजाराच्या आसपास, पुढे त्याहूनही खाली आला. साधन तेच होते. ते नेमके वापरण्याचे कारण नवे मिळाले होते.

विरोधामागचे गणित

अमेरिकेने १९८७ साली कोळंबीच्या ट्रॉलरना टी.ई.डी. सक्तीचे करणारे नियम काढले, तेव्हा मेक्सिकोच्या आखातात असंतोष उसळला. १९८९च्या उन्हाळ्यात मच्छीमारांनी बोटी आडव्या लावून बंदरांचे मार्ग अडविले. लुइझियाना राज्याने तर आपल्या अधिकाऱ्यांनी या नियमाची अंमलबजावणी करू नये असा कायदाच केला होता. तो २०१५ साली रद्द झाला. या विरोधाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. वस्तुतः त्यामागे एक सरळ हिशेब होता.

समजा, शंभर बोटींपैकी एकीनेच चौकोनी आस बसविले. तिच्या जाळ्यातून जी पिले निसटतील, ती उद्या शेजारच्या बोटीच्या बारीक आसात सापडतील. तोटा एकीचा, लाभ नव्व्याण्णवांचा. अशा स्थितीत शहाणा नाखवा आस बदलणार नाही आणि शंभरही नाखवे शहाणे असतील तर समुद्र रिकामा होईल. सामाईक मालमत्तेचा हा जुना पेच अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. प्रत्येकाच्या विवेकातून सर्वांचे नुकसान निपजते, हे त्याचे मर्म.

त्यात आणखी एक पदर आहे. मच्छीमार बोटीवरचे उत्पन्न पुष्कळ ठिकाणी वाट्यांनी विभागले जाते. डिझेल, बर्फ आणि किराणा यांचा खर्च वजा करून जे उरते, त्यातून तांडेल आणि खलाशी यांचे वाटे निघतात. गजांच्या चौकटीतून शंभर किलोंमागे एक-दोन किलो कोळंबी निसटली, तर ‘तोटा नगण्य’ असे शास्त्रज्ञ लिहितो. परंतु खर्च वजा जाता उरलेल्या अल्प शिलकेतून तो तोटा वळता होतो, तेव्हा खलाशाच्या हातावर पडणाऱ्या रकमेत तो नगण्य राहत नाही. तज्ज्ञाची टक्केवारी आणि खलाशाची टक्केवारी यांचा पाया वेगळा असतो. या फरकाकडे डोळेझाक करूनच पुष्कळ चांगल्या योजना बंदरातल्या गोदामात गंजल्या आहेत.

आपल्या कोळंबीची कथा

भारतात यांत्रिक ट्रॉलिंगचा प्रसार झाला तो स्वातंत्र्यानंतर. १९५२ साली झालेल्या करारातून केरळमध्ये भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला आणि पुढे गोठविलेल्या कोळंबीने परकीय चलनाचे दार उघडले. कोळंबीला मोल आले आणि तिच्याबरोबर येणाऱ्या साऱ्याला आले नाही. अनाहूत मासळीचा प्रश्न येथेच जन्मला.

१९८९ साली अमेरिकेने एक कायदा केला. समुद्री कासवांच्या रक्षणाची तजवीज नसलेल्या जाळ्यांतून पकडलेली कोळंबी त्या देशात येऊ द्यायची नाही, असा त्याचा आशय. १९९६ साली तो सर्व देशांना लागू झाला, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. ऑक्टोबर १९९८ मध्ये संघटनेच्या अपील मंडळाने दिलेला निकाल आजही वाचण्याजोगा आहे. कासवे वाचविण्याचा हेतू मंडळाने ग्राह्य धरला. दोष काढला तो अंमलबजावणीच्या रीतीत. कॅरिबियन भागातील देशांना तयारीसाठी तीन वर्षे दिली होती आणि आशियाई देशांना अवघे चार महिने. हा पक्षपात होता. वेळ हीदेखील एक किंमत असते आणि ती सर्वांकडून सारखी घेतली पाहिजे, असेच या निकालाचे तात्पर्य काढावे लागेल.

भारत त्या वेळी बाजू मांडून परतला. पण मिळालेला वेळ त्याने कसा वापरला? कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, जी १९५७ पासून जाळी आणि बोटी यांवरच संशोधन करीत आली आहे, भारतीय ट्रॉलरना मानवेल असे टी.ई.डी. तयार केले. किनाऱ्यावरील काही राज्यांनी नियमही केले. बोटींवर मात्र ते साधन क्वचितच दिसले. परिणामी २०१८ साली अमेरिकेने भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीची मान्यता काढून घेतली. तळ्यांत वाढविलेली कोळंबी या बंदीच्या बाहेर होती आणि निर्यातीचा मोठा भाग तिचाच असल्याने एकूण आकडेवारीत धक्का फारसा जाणवला नाही. तो जाणवला ट्रॉलरवर, लिलावात आणि कोळंबी सोलणाऱ्या बायांच्या शेडमध्ये. त्यानंतर संस्थेने अमेरिकी तज्ज्ञांच्या साहाय्याने साधनात सुधारणा केल्या, समुद्रात चाचण्या घेतल्या, आणि ते बसविण्याचा खर्च प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून केंद्र व राज्य यांनी मिळून उचलण्याची तरतूद झाली. ही तरतूद जर वीस वर्षे आधी झाली असती, तर बंदीची वेळ कदाचित आली नसती.

फेकणे संपले, मारणे वाढले

दरम्यान आपल्या किनाऱ्यावर एक शांत बदल घडून आला आहे. पूर्वी लांब पल्ल्याच्या सफरीत पहिल्या दिवसांची क्षुल्लक मासळी समुद्रात लोटून दिली जाई. बर्फ आणि जागा कोळंबीसाठी राखून ठेवावी लागे. आता माशांच्या भुकटीचे कारखाने ती विकत घेतात. भुकटीचे खाद्य होते आणि ते कोंबड्यांना व तळ्यातल्या कोळंबीला जाते. काही बंदरांत या हलक्या मासळीचे पैसे खलाशांची वरकमाई म्हणून धरले जातात.

वाया जाणारे उपयोगी लागले, यात वाईट काय, असे कोणी विचारील. वाईट हे की, अनाहूताला भाव आला म्हणजे तो अनाहूत राहत नाही. ज्या पिलाला निसटू देण्यात पूर्वी नुकसान नव्हते, त्याला धरून ठेवण्यात आता लाभ दिसू लागतो. मग आस मोठे करण्याचे कारणच उरत नाही. आज किलोवर कवडीमोलाने जाणारे पापलेटचे पिल्लू वर्षभराने ताटात मानाची जागा घेणार असते. परंतु वर्षभर थांबण्याचे व्याज कोणाला मिळेल याची खात्री नसल्याने ते आजच विकले जाते. डोलीच्या जाळ्यांतही, जी भरती-ओहोटीच्या ओढीवर उभी असतात आणि ज्यांवर उत्तर कोकणातील बोंबील व जवळा यांची मासेमारी पोसली आहे, पापलेटची पिले अडकतात. दोष केवळ यांत्रिक बोटींचा आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही.

केरळने २०१५ साली लहान मासळी पकडण्यावर जातिवार लांबीची मर्यादा घातली. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी तशी मर्यादा जाहीर केली आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. पण राज्यांच्या सीमा माशांना कळत नाहीत आणि एका राज्यात न उतरलेली पिले शेजारच्या राज्यातील बंदरात उतरू शकतात. किनारा एक असताना नियम वेगवेगळ्या वर्षी यावेत, हे शंभर बोटींच्याच पेचाचे मोठ्या प्रमाणावरील रूप आहे.

किंमत कोणी मोजायची?

या पेचातून वाट निघते याची दोन उदाहरणे जवळचीच आहेत. गुजरातच्या किनाऱ्यावर देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, हजारोंच्या संख्येने नसली तरी मोठ्या प्रमाणावर मारली जात असे. २००१ साली तिला वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. २००४ पासून वन विभाग आणि वन्यजीव संस्था यांनी मोहीम चालविली. कथाकार मोरारीबापूंनी तिला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली आणि ती मच्छीमारांच्या मनात उतरली. तथापि केवळ उपमेवर भागले नाही. तिच्या सुटकेसाठी कापाव्या लागलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली, आणि त्यानंतर शेकडो व्हेल शार्क मच्छीमारांनी स्वतःच्या हातांनी सोडून दिल्या.

महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ पासून अशीच योजना सुरू केली. कासव, व्हेल शार्क वा अन्य संरक्षित जीव जाळ्यात सापडला, मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले आणि त्याचे छायाचित्र वा चित्रफीत सादर केली, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. योजना लहान आहे; पण तिच्यातील तत्त्व मोठे आहे. समाजाला जर कासव हवे असेल, तर त्याच्या सुटकेचा खर्च एकट्या नाखव्याने सोसू नये, हे तत्त्व. शिवाय तपासनीस समुद्रात पाठविण्याचा खर्चही येथे वाचतो. पुरावा मच्छीमारच आणून देतो.

याउलट मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातातील व्हाकिटा ही चिमुकली शिंशुक पाहावी. १९९७ साली त्यांची संख्या पाचशेच्या पुढे होती. आज ती दहाच्या आसपास उरली आहे. तेथेही संशोधन झाले, तिला न मारणारी कोळंबीची जाळी तयार झाली, २०१५ साली जाळ्यांवर बंदी आली आणि भरपाईही जाहीर झाली. परंतु त्याच आखातातील टोटोआबा माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीला चिनी बाजारात मिळणारी किंमत इतकी प्रचंड होती की बंदी कागदावरच राहिली. बाजार एका बाजूला आणि जाळे दुसऱ्या बाजूला ओढू लागले, की चांगले जाळे हरते.

म्हणून यापुढे संशोधनाबरोबर हिशेबाचीही फेरमांडणी व्हावयास हवी. आसाचा नियम एकाच दिवशी साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर लागू व्हावा, म्हणजे पहिल्या बोटीचा तोटा उरणार नाही. साधनाचा खर्च आणि पहिल्या एक-दोन हंगामांतील घट सरकारने उचलावी, कारण लाभ सर्वांचा आहे. लहान मासळीची तपासणी ताटाजवळ नव्हे तर लिलावाच्या धक्क्यावर आणि भुकटीच्या कारखान्याच्या दारात व्हावी; विकत घेणारे थोडे आणि पकडणारे पुष्कळ असतात तेथे दार राखणे स्वस्त पडते. आणि नव्या जाळ्याची चाचणी तांडेलाच्या बोटीवर, त्याच्या सूचनेनुसार व्हावी. बून आणि मेडिना यांचा धडा तोच आहे. परदेशी बाजार आता थांबणार नाहीत. सागरी सस्तन प्राण्यांना इजा करणाऱ्या मासेमारीचा माल रोखणारा अमेरिकेचा २०१६ सालचा नियम २०२६च्या आरंभापासून अमलात आला आहे, आणि असे नियम वाढतच जातील.

राहता राहिला गिऱ्हाईक. बोटभर लांबीची पापलेटे स्वस्त मिळाली म्हणून पिशवीत भरणारा शहरी मध्यमवर्गीय स्वतःला या व्यवहारापासून अलिप्त समजतो. पण अनाहूत मासळीला शेवटचे आमंत्रण त्याच्याच पिशवीतून जाते. ते त्याने परत घेतले, तर जाळ्याचे आस मोठे करणे नाखव्यालाही सोपे जाईल.